बाटलेली ज्वारी

माझ्या हातून एक माणूस मरता मरता वाचला. परका कोणी नाही, माझाच देर, नवऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. ज्या लोखंडी पायलीने मी वस्तीला धान्य मोजून द्यायची, तीच मी त्याच्या डोक्यात घातली. माणसं म्हणतात, रागाच्या भरात झालं. राग माझ्या नाकावर असतो हे खरंच आहे, लहानपणापासून आहे, आश्रमशाळेत बाईंनी एकदा छडी मारली तर मी ती हिसकून मोडली होती. पण त्या दुपारी राग नाकावर नव्हता, हातात उतरला होता. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी.

आमची वस्ती गिरडच्या टेकडीच्या मागे, आत, जंगलाला लागून. चाळीसेक घरं, सगळी गोंडांची. घरात गोंडी बोलतो, बाहेर मराठी. वस्ती आणि मोठं गाव यांच्यामध्ये नाला आहे. उन्हाळ्यात त्यात बकरीचा खूर भिजत नाही, आणि श्रावणात झड लागली की तोच नाला बैलासकट बंडी उचलून नेतो. रेशनचं दुकान, गिरणी, दवाखाना, सगळं नाल्यापलीकडे. झड चार दिवसांची असो की दहा, तेवढे दिवस आम्ही अलीकडे आणि तांदळाची पोती पलीकडे. मोबाइल दाखवायला सगळ्यांकडे, पण बोलायचं तर टेकडीवर चढा.

सगळ्यांच्याच शेतात आता कपाशी नाही तर सोयाबीन. कापूस काही शिजवून खाता येत नाही. म्हणून आम्ही बायकांनी ठरवलं, की गावच्या पडीत तुकड्यावर सगळ्यांनी मिळून ज्वारी पेरायची, रानडुकरांपासून पाळीपाळीने राखायची आणि एका खोलीत साठवायची. अंगणवाडीची जुनी खोली रिकामी होती. तिथे बांबूच्या चार ढोल्या विणून, शेणमातीने लिंपून उभ्या केल्या, माणसाच्या उंचीच्या. ज्वारीशिवाय मीठ, तेल, तुरीची डाळ, आगपेट्या. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी प्रत्येक घराला एक पायली. त्याला आम्ही कोठार म्हणतो.

पहिल्याच वर्षी कोठारावरून कुऱ्हाड निघाली. दोघे जण, एकाने पाळी नसताना पोतं उचललं, दुसऱ्याने त्याच्या हातावर घाव घातला. पांढरं हाड दिसलं मला, सोललेल्या उसासारखं. दाराबाहेर चिखलात झालं म्हणून बरं. कारण आमच्यात एक रीत आहे. रागाने पाडलेलं माणसाचं रक्त धान्याला लागलं, की त्या खोलीतलं सगळं धान्य बाटतं. मग ते कोणी खात नाही, उपाशी मरेल पण खाणार नाही. त्यातून सुटायचा रस्ता एकच. ज्याचं रक्त पडलं त्याने, ज्याने पाडलं त्याच्या हातून, त्याच धान्याचा पहिला घास खायचा. आणि खाण्याआधी तो एक गोष्ट विचारू शकतो. मारणाऱ्याने धान्यावर हात ठेवून खरं सांगायचं. खोटं बोलला तर धान्य कायमचं गेलं, नाल्यात ओतून द्यायचं.

त्या कुऱ्हाडीनंतर कोठाराची किल्ली पुरुषांकडून काढून घेतली आणि माझ्याकडे दिली. मी दहावी शिकलेली आणि मला सगळे भितात, ही दोन कारणं. मी नियम केला, पाळी म्हणजे पाळी. सख्खी माय आली तरी पाळीशिवाय दाणा नाही. तीन पावसाळे एक भांडण झालं नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या श्रावणात झडीचा तिसरा दिवस होता. माझी धाकटी जाऊ, म्हणजे याच देराची बायको, आमच्या घराला लागूनच घर, नऊ दिवसांची बाळंतीण. आमच्यात बाळंतीण घरामागच्या कुडाच्या खोपडीत राहते, नाव ठेवेपर्यंत बाहेर पडत नाही, कोठाराला तर शिवतसुद्धा नाही. सकाळी मी तिच्या कुडाजवळून शेण आणायला चालले होते. आतून तिचा आवाज आला.

"मोठ्या बाई, ओंजळभर ज्वारी असन त द्या ना. कण्या शिजवून खाईन. दूध उतरून नाई राह्यलं."

मला ठाऊक होतं तिच्या घरात दाणा का नाही ते. मागच्या पाळीची पायली देराने परस्पर मोहाच्या दारूवाल्याकडे नेली होती. आता पुन्हा द्यायचं म्हणजे पुन्हा तिकडेच जायचं, असं माझं गणित.

"तुही पाळी परवा हाये," मी म्हटलं. "मांगची पायली कुठं गेली, ते तुह्या नवऱ्याले इचार."

तिने दुसऱ्यांदा मागितलं नाही. मीही थांबले नाही.

दुपारी मी एकटीच कोठारात होते. एका ढोलीला सोंडे लागले होते, म्हणून ज्वारी जमिनीवर ओतून पाखडायला घेतली होती, गुडघाभर उंच ढीग. दारात अंधार झाला म्हणून वर पाहिलं, तर देर. डोळे लाल, अंगाला मोहाचा वास, हातात ओला दुपट्टा.

"वैनी, सर बाजूले."

"पाळी परवा. घरी जाय."

"सर म्हटलं ना."

तो आत आला आणि वाकून दुपट्ट्यात ज्वारी भरायला लागला. मी दुपट्टा ओढला. त्याने मला ढकललं, माझं कोपर ढोलीवर आपटलं आणि मुंग्या थेट बोटांपर्यंत आल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. पायली हाताशीच होती. मी दोन्ही हातांनी ती उचलली आणि त्याच्या टाळूच्या मागे हाणली. खापर फुटावं तसा आवाज झाला. तो ढिगावर बसला, बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी त्याला काही विचारलंय आणि तो आठवतोय. मग रक्त आलं. डोक्याचं रक्त फार येतं, कानामागून, मानेवरून, शर्टातून खाली. ज्वारीचे दाणे लाल होऊन एकमेकांना चिकटले. आणि मी पायली दुसऱ्यांदा उचलली होती. हे कोणी सांगत नाही, पण मी सांगते. आवाज ऐकून शेजारची बाई धावली, तिने मागून माझे दोन्ही दंड धरले, म्हणून तो आज आहे.

त्याला चौघांनी उचलून घरी नेलं, जखमेत हळद दाबली. आमचा भुमका आला. भुमका म्हणजे गावदेवाची पूजा करणारा, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा, वस्तीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने उंबऱ्यातूनच ढीग बघितला.

"बाटलं," म्हणाला, आणि माझ्याकडून किल्ली घेऊन कुलूप लावलं.

पहिला दिवस माझा होता. माणसं माझ्या बाजूने बोलली. बेवडा, चोर, स्वतःच्या भावजयीवर हात टाकतो, बरं झालं फोडला. एका म्हातारीने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाली, तू होती म्हणून कोठार राह्यलं. मी मान डोलावली. सकाळच्या ओंजळीबद्दल मी कोणाला बोलले नाही. कोणी विचारलंच नाही मला.

दुसऱ्या दिवशी देराने निरोप पाठवला. भुमकाच घेऊन आला. "थो खायले तयार हाये. तू घास दे. पण एक गोष्ट इचारीन म्हणते."

कोणती गोष्ट ते मला लगेच कळलं. सकाळची ओंजळ जावेने त्याला सांगितलीच असणार.

"चोट्ट्याच्या तोंडात घास घालू का मी?" मी म्हटलं. "आधी त्यानं सगळ्यांसमोर माफी मांगावी."

भुमका निघून गेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. माफी मागायची कोणी होती ते मला चांगलं ठाऊक होतं. पण चाळीस घरं मला भिऊन सरळ चालतात, त्यांच्यासमोर ज्वारीवर हात ठेवून सांगू काय, की बाळंतिणीला मी नाही म्हटलं?

पाऊस थांबेना. घराघरातलं शेवटचं पीठ संपलं. बायका तरोट्याचा पाला आणायच्या, टेकोडे म्हणजे रानातली अळंबी वेचायच्या, वाळलेली मोहफुलं उकडायच्या. नुसता पाला खाऊन लेकरांना ढाळ लागले. तिसऱ्या दिवशी दोन बायका बांबूच्या कोंबांवरून झोंबल्या. एकीने दुसरीच्या कानातलं ओढलं तर कानाची पाळी दोन भागांत फाटली, आणि जिचा कान फाटला तिने हातातल्या विळ्याने पहिलीचं मनगट चिरलं. दोघी एकाच विहिरीवर मोठ्या झालेल्या मैत्रिणी. भुमका म्हणाला, आता पाल्यावरही रक्त पडून राह्यलं.

एका गड्याने कमरेला दोर बांधून नाला ओलांडायचा प्रयत्न केला, पलीकडून तांदूळ आणतो म्हणाला. पाण्याने त्याला उचलून खडकावर आपटलं. ओढून काढला तेव्हा खांद्याचं हाड कातडीखाली तिरपं उभं होतं आणि तो बैलासारखा हंबरत होता. त्याला घेऊन येणारी माणसं माझ्या दारावरून गेली. पुढचा थांबला, माझ्याकडे बघून थुंकला. संध्याकाळी माझ्या छपरावर दगड आले. तीन कवेलू फुटले आणि चुलीवर पाणी गळायला लागलं. ज्या म्हातारीने पाठीवर हात ठेवला होता, तिच्याच अंगणातून आला एक दगड, मी पाहिला.

माझा नवरा तोवर गप्प होता. आपलेच दात, आपलेच ओठ, तो तरी काय बोलणार. एकीकडे भाऊ, एकीकडे बायको. कवेलू फुटले तेव्हा तो उठला, बैल हाकायची तुतारी घेतली आणि मला बडवायला लागला. पाठीवर, मांड्यांवर, जिथे लागेल तिथे.

"तू काऊन जात नाई त्याच्याकडे? काय लपवून राह्यली? सांग."

मी चुलीतलं जळतं लाकूड काढलं आणि त्याच्या हातावर टेकवलं. मांस जळाल्याचा वास आला. तुतारी पडली. मग आम्ही दोघं दोन भिंतींना टेकून बसलो, तो हात फुंकत होता आणि मी पाठ चाचपत होते. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने मला कधी मारलं नव्हतं आणि मीही त्याला नाही. आम्हा दोघांनाही लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती शांततेने. पाऊस होता, पण काहीतरी नव्हतं. थोड्या वेळाने कळलं, की मागच्या खोपडीतलं लेकरू रडत नाहीये. तीन दिवस ते सारखं रडत होतं. आधी जोरात, मग मांजराच्या पिल्लासारखं, आणि आता काहीच नाही.

मी अनवाणी धावले. बाळंतिणीला बाहेरच्याने शिवायचं नसतं, मी खोपडीच्या दारातच थांबले. जाऊ बसली होती. लेकरू छातीला लावलेलं, त्याचं तोंड उघडं, पण ओढत नव्हतं. त्याची टाळू खोल गेली होती, त्यात बोट मावेल इतकी. जावेने स्तन दाबून दाखवला मला. दुधाऐवजी रक्ताचा थेंब आला.

मला रडूही आलं आणि रागही आला, आणि राग तिच्यावरच काढला मी, सवयीने.

"नवऱ्याशिवाय कोणाले बोलली काऊन नाई तू? मले मांगतलं होतं म्हणून सांगाले का झालं होतं तुले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकवीस-बावीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"वर्षभर तुमच्याच हातून खा लागते, बाई," ती म्हणाली.

बस, एवढंच. तिने लेकराचं तोंड पुन्हा छातीकडे वळवलं. तुतारीचे वळ त्यापुढे काहीच नव्हते. मी तिथून सरळ भुमकाकडे गेले आणि म्हटलं, कुलूप काढ, त्याले बोलाव, सगळ्याइले बोलाव.

वस्ती कोठारासमोर जमली. डोक्यावर पोत्यांच्या घोंग्या घेऊन माणसं पावसात उभी राहिली. ओसरीत तीन दगड मांडून भुमकाने रक्त लागलेल्या ढिगातली मूठभर ज्वारी उकळायला टाकली. सुकलेलं रक्त पाण्यात सुटलं, पाणी आधी तपकिरी झालं, मग फेस आला. घुगऱ्या शिजायला वेळ लागला. लेकरांच्या नजरा त्या भांड्यावर होत्या.

देराला दोघांनी धरून आणलं. डोक्याला फडकं बांधलेलं, ते काळं पडलेलं, एक डोळा सुजून बंद. दारूचा वास नव्हता. चार दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. ढिगातली पसाभर ज्वारी भुमकाने आमच्यामध्ये ठेवली आणि मी तिच्यावर हात ठेवला. दाणे अजून चिकट होते.

"इचार," भुमका म्हणाला.

देराने मान वर केली.

"त्या दिवशी सकाळी माह्या बायकोनं तुले ज्वारी मांगतली होती का नाई?"

सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर काय? बेवड्याचा शब्द आणि माझा शब्द. जाऊ खोपडीत, ती येऊन बोलणार नव्हती. माझ्या आतली दहावी पास बाई म्हणत होती, दाण्याला काय कळतं खरं-खोटं, नाही म्हण, घास दे, सगळे खातील, संपलं. जीभ वळलीसुद्धा होती. पण हाताखाली तो चिकटपणा होता, आणि मागे खोपडी होती, आणि तिथून काहीच आवाज येत नव्हता.

"मांगतली होती," मी म्हटलं. "ओंजळभर. म्या नाई म्हटलं."

माणसांमधून एक आवाज गेला, शब्द नव्हता तो. ज्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं त्याची बायको पुढे आली, तिने मला शिवी दिली, गोंडीतली, ती मी इथे लिहीत नाही. जिचा कान फाटला होता ती नुसती बघत राहिली. माझा नवरा मागे सरकला. मी सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं, म्हटलं बघून घ्यावं, नाही तर आयुष्यभर चुकवत बसावं लागेल.

भुमकाने भांडं माझ्यापुढे सरकवलं. मी घुगऱ्यांचा घास घेतला, गरम होता, बोटं भाजली. देराने तोंड उघडलं. मी घास आत घातला. त्याने तो हळूहळू चावला, जबडा हलला की जखम दुखत असावी, डोळ्यांतून पाणी येत होतं. गिळला. गळ्याचं हाड वर जाऊन खाली आलं ते सगळ्यांनी पाहिलं.

"मोकळं झालं," भुमका म्हणाला.

रीत तिथे संपली. त्यानंतर देराने भिंतीचा आधार घेतला, उठून उभा राहिला आणि सगळी ताकद लावून माझ्या थोबाडीत दिली. मी ओसरीच्या खांबावर आपटले. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि कानातून काहीतरी कोमट गळ्यावर आलं. कोणी त्याला धरलं नाही. मला कोणी उचललं नाही. मी उठले, आत गेले, पायली घेतली, बाहेरच्या पाण्यात धुतली आणि पहिलं माप त्याच्या दुपट्ट्यात ओतलं, शिगोशीग भरून. मग बायकांना म्हटलं, सुपं आणा.

त्या दिवशी पाळी कोणाची ते मी कोणाला विचारलं नाही.

दुपारी मी खोपडीबाहेर तीन दगड मांडून कण्या शिजवल्या. लाकडं ओली, धूर डोळ्यांत, फुंकून फुंकून छाती दुखली. पातळ कण्या मीठ घालून खोपडीच्या दारातून आत सरकवल्या. जाऊ दोन वाट्या प्यायली, मग तिसरी. माझ्याशी ती बोलली नाही. मी कुडाला टेकून बाहेरच बसले. घरी जायची हिंमत नव्हती आणि इथून उठायचीही नाही. पाऊस कमी झाला. अंधार पडायच्या आधी आत काहीतरी हललं असं वाटलं. डाव्या कानाने मला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी उजवा कान कुडाला लावला. लेकरू रडत होतं. अगदी बारीक, पण रडत होतं. मी कान तिथून काढला नाही.